खिडकीसाठी घेतलेली पेढी

“जागा बघतोयस की वास घेतोयस?” शिवप्पाने दारातूनच विचारले.

वेणीमाधव खोलीच्या मधोमध उभा राहून खरोखरच नाक वर करून वास घेत होता. नव्या पेठेतली ही त्याने पाहिलेली तिसरी जागा. रस्त्याला लागून, एका बाजूला सराफ, समोर कापडवाला. सुताची दलाली करायला याहून मोक्याची जागा अख्ख्या सोलापुरात नाही, असे शिवप्पाचे म्हणणे होते, आणि शिवप्पा स्वतः सुताचा व्यापारी असल्यामुळे त्याचे म्हणणे उगीच नव्हते. पण भरदुपारी आत कंदील लावावा लागला होता. मागच्या भिंतीवर हात टेकला तर हाताला ओल लागत होती.

“नको,” वेणीमाधव म्हणाला, आणि खोकला.

“अरे, बाजार करणाऱ्यानं बाजारात बसावं की! गिऱ्हाईक काय तुझी खिडकी विकत घ्यायला येणार हाय?”

“गिऱ्हाईक रंग बघायला येतं. कंदिलाच्या उजेडात जांभळा आणि काळा एकच दिसतो. निम्मी भांडणं त्यातनंच होतात.”

हे खरे होते, पण सगळे खरे नव्हते. मिसरूड फुटल्यापासून वेणीमाधव एका सूतवाल्या शेटजींकडे कारकून होता. गठ्ठ्यांच्या मागे, दिवसा दिव्याच्या उजेडात तो लिहीत बसे आणि सुताची कसर, ती बारीक तंतूंची धूळ, नाकातोंडात जाई. त्याच्याआधी त्याच जागी त्याचा थोरला भाऊ कमलाकर बसत असे. कमलाकर खोकत खोकत गेला. कशाने गेला ते गल्लीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होते, पण घरात तो शब्द कुणी उच्चारत नसे. तीस सालचा मार्शल लॉ उठून बाजार पुन्हा सुरळीत झाला, त्या सुमारास वेणीमाधवलाही खोकला लागला. डॉक्टरांनी छाती तपासून सांगितले, “अजून काही दिसत नाही. पण त्या बिळातनं बाहेर पडा. हवा पाहिजे तुम्हांला. नुसत्या औषधाच्या बाटल्या किती देऊ?”

म्हणून त्याने नोकरी सोडली होती. चाळिशीच्या माणसाने लागलेली नोकरी सोडून धंदा करावा, हे त्याच्या घराण्यात कुणाच्या स्वप्नातही आले नव्हते. सासुरवाडीहून तर विचारणा झाली की जावईबापूंचे डोके ठिकाणावर आहे ना!

जागा अखेर साखर पेठेत मिळाली. विणकरांच्या गल्लीत मथुराबाई नावाच्या विधवेचे घर होते. खाली तिने माग भाड्याने दिलेले, वर एक खोली रिकामी. दार पूर्वेला, आणि समोरच्या पश्चिमेच्या भिंतीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, चांगली रुंद खिडकी. खाली बसणाऱ्याच्या तोंडावर सरळ वारा यावा अशी.

“पर वारं लई येतं बघा,” मथुराबाई म्हणाली. एरवी भाडेकरूला घराचे दोष सांगणारी घरमालकीण मिळणे कठीण. “कागुद उडत्याल तुमचं.”

“उडू देत!” वेणीमाधव इतक्या जोरात म्हणाला की बाई दचकली.

भाडे नव्या पेठेच्या निम्म्यानेही नव्हते. वाचलेल्या पैशांत त्याने भिंतींना चुना दिला, उंदरांची बिळे काचा आणि माती घालून बुजवली, जमीन शहाबादी फरशीची करून घेतली, म्हणजे कसर झाडून न उडवता ओल्या फडक्याने पुसता येईल. रोज संध्याकाळी घरी येऊन तो मालतीला खिडकीचे वर्णन सांगे. बायकोला नवा दागिना दाखवावा तसे त्याने ते तिला पुन्हा पुन्हा ऐकवले. ऐकून ऐकून तिला ती खिडकी पाठ झाली होती.

धंदा चालला. विणकरांना पेढी दाराशीच आली, ते नव्या पेठेत कशाला जातील? शिवप्पासुद्धा आपले सूत त्याच्यामार्फत विकू लागला. सगळे मनासारखे झाले, आणि थंडी सरता सरता खोकला परत आला.

वेणीमाधवने तो घरात लपवायला सुरुवात केली. परसात जाऊन खोकायचे, रुमाल खिशात खोल दडपायचा. नवऱ्यांना वाटते की बायकांना कळत नाही. मालतीने नवी नवरी असताना कमलाकरभाऊजींचे रुमाल धुतले होते. काय बघायचे असते ते तिला चांगले माहीत होते. कपडे भिजवण्याआधी ती रोज नवऱ्याचा रुमाल हलकेच उलगडून बघे आणि मग सुटल्यासारखा श्वास सोडे.

त्या दिवशी सकाळी तिने रुमाल उलगडला आणि ती न्हाणीच्या उंबऱ्यावरच बसली. रुमालाच्या कोपऱ्यावर लाल डाग होता. चांगला रुपयाएवढा.

ती रडली नाही. रुमाल कमरेला खोचला, डबा भरला आणि ती साखर पेठेची वाट चालू लागली. आजवर तिने पेढीचे तोंड पाहिले नव्हते. डबा रोज तो स्वतःच नेत असे, आणि आजही घेऊन गेला होता, हे तिच्या ध्यानातही आले नाही.

“वरच हायती,” तिचा चेहरा बघून मथुराबाईने जिन्याकडे बोट केले.

वेणीमाधव गादीवर बसून सुताच्या लडीला गाठ मारत होता. बायकोला दारात बघून तो उठलाच. “अगं, तू? घरी काही...”

मालतीने रुमाल त्याच्यापुढे धरला. “कधीपासनं पडतंय?”

“काय?”

“मला फसवू नका. भाऊजींचंही असंच सुरू झालं होतं. पहिल्यांदा एवढंसंच.” तिचा आवाज फुटला. “मला आधी का नाही सांगितलं?”

वेणीमाधवने रुमालाकडे पाहिले, मग तिच्याकडे. त्याला कळायला क्षणभर लागला. फळीवरून त्याने एक लाल लड काढली, धोतराचा सोगा तांब्यातल्या पाण्यात बुडवला आणि लडीवर खसाखसा घासला. सोगा लाल झाला.

“कच्चा रंग आहे,” तो म्हणाला. “ओलं पांढरं फडकं घासून बघतो आम्ही. पक्का असला तर उतरत नाही. काल फडकं सापडेना, म्हणून रुमाल घेतला.”

मालतीला ते खरे वाटेना. नवरा समजूत काढायला काहीही सांगेल. तिने लड त्याच्या हातातून ओढून घेतली, रुमालाचा कोरा कोपरा तांब्यात बुडवला आणि स्वतः घासला. एकदा घासला, पुन्हा घासला. तिथेही तसाच लाल डाग उमटला, तेव्हा ती मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. वेणीमाधव नुसता तिच्याजवळ उकिडवा बसून राहिला, आणि तेवढ्यात त्याला खोकल्याची उबळ आली.

मालतीने पदर खाली घेतला. “मग हा खोकला कशाचा? आणि इथं इतकं कोंदट का?” तिने चारी भिंतींवरून नजर फिरवली. “अहो, खिडकी कुठाय?”

वेणीमाधव खाली पडलेली लड उचलून गुंडाळू लागला.

“कुठाय तुमची ती खिडकी?”

“मागं आहे,” तो पुटपुटला.

पश्चिमेच्या भिंतीशी गादी होती. गादीवर शुभ्र अभ्रा, दोन तक्के आणि मधोमध एक भला थोरला लोड. लोडामागे बंद खिडकी. दारातून येणाऱ्या गिऱ्हाईकाला समोर पूर्वाभिमुख धनी दिसावा, तसे त्याचे जुने शेटजी बसत. त्या गादीसमोर वेणीमाधवने अर्धे आयुष्य मान खाली घालून काढले होते. स्वतःची पेढी झाल्यावर त्याला एकदा तरी तसे बसायचे होते. लोडामागून वारा लागून पाठ आखडू नये म्हणून त्याने खिडकी लावून घेतली आणि पुढे ती उघडायची राहूनच गेली. वर गादी जुन्या कापसाची! शेटजींचे बीळ सोडून आलेल्या या गृहस्थाने हौसेने तेच बीळ इथे पुन्हा बांधले होते.

“धन्यानं पूर्वेला तोंड करून बसावं, अशी पद्धत आहे,” त्याने सांगून बघितले.

“आणि उत्तरेला कुबेर असतो की! त्याच्याकडं तोंड करून बसायला काय होतंय?”

वेणीमाधवने गादीचे एक टोक धरले. दोघांनी मिळून गादी दक्षिणेच्या भिंतीशी ओढली. लोड उचलताना त्यातून निघालेल्या धुळीने मालतीलाही ठसका लागला. खिडकीची कडी गंजून बसली होती. त्याने जोर लावला तशी ती करकरत निघाली, आणि मागच्या परसातल्या लिंबावरून वारा सरळ आत आला. दोऱ्याला बांधलेले नमुने हलले. कागद खोलीभर झाले.

“सांगितलं नव्हतं का, उडत्याल म्हनून?” जिन्यावरून मथुराबाईचा आवाज आला.

दोन्ही डबे उघडून त्यांनी खिडकीपाशी बसून जेवण केले. लोड मथुराबाईला देऊन टाकला. शिवप्पाने पुढे पुष्कळ दिवस चेष्टा केली की आमच्या दलालाचे तोंड बघायचे तर मान वाकडी करावी लागते. उन्हाळा लागेपर्यंत खोकला गेला. डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकले आणि म्हणाले, “छाती साफ आहे. आता येऊ नका.”

त्या रात्रीपासून वेणीमाधव शांत झोपू लागला. रंग तपासायला मालतीने त्याला जुन्या लुगड्याची वेगळी पांढरी फडकी करून दिली होती आणि रुमालाला लाल लड लावायची नाही, अशी शपथही घातली होती. त्याने ती मोडली नाही.

तरी पुढे कितीतरी वर्षे, कपडे भिजवण्याआधी ती त्याचा रुमाल खिशातून काढी, दाराशी उजेडात नेऊन उलगडी, दोन्ही बाजूंनी बघे, आणि मगच पाण्यात टाकी.