दहा सेंटिमीटरची सळई

नऊ वर्षांपूर्वी मी आईला छातीठोकपणे सांगितलं होतं, "ती आपली ताई नाहीच. कवटी पुरुषाची आहे. मी स्वतः मोजलीय." ताई बेपत्ता होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आई त्या दिवशी पोटभर जेवली. तेव्हापासून आमच्या दाराला आतून कडी लागलेली नाही. ताई आली तर तिला बाहेर थांबावं लागू नये, म्हणून. "एक दिवस चोर येऊन पानावर बसेल," असं मी चिडवायचे.

दातांच्या एक्स-रे विभागात मी तेव्हा नवीकोरी होते. पोलिसांनी आणलेली ती कवटी ठिसूळ, म्हणून मापं फिल्मवरच घ्यायची होती. जबड्याची उंची, डोक्याची लांबी. आकडे मोठे आले तर बहुधा पुरुष, लहान आले तर बाई. माझे चांगले दणदणीत आले. विभागप्रमुख सरांनी सही ठोकली.

आज सकाळी विद्यार्थिनींना शिकवायला मी तीच फिल्म काढली. "आधी कोपऱ्यातली सळई मोजा," मी रुबाबात म्हणाले. "ती खरी दहा सेंटिमीटरची. फिल्मवर सगळंच मोठं दिसतं, किती ते सळई सांगते."

"मॅडम, अकरा पूर्णांक दोन."

मी नऊ वर्षांपूर्वीचा मापांचा कागद काढला. त्यावर सळईचा रकाना कोरा होता, आणि अक्षर माझं. मी आकडे पुन्हा काढले. एकूण एक बाईच्या बाजूला गेले.

शिवाय खालची अक्कलदाढ आडवी होती. ती मला तेव्हाही दिसली होती! पण पुरुष म्हटल्यावर ताईच्या फिल्मशी ताडून कोण बघतं? गाल सुजला होता तेव्हा काढलेली तिची फिल्म माझ्याच ड्रॉवरमध्ये होती. दोन्ही शेजारी ठेवल्या. तीच आडवी दाढ, शेजारच्या दातात तीच चांदी. नऊ वर्षं माझी ताई पोलिसांच्या गोदामात 'अनोळखी पुरुष' म्हणून खोक्यात पडली होती, आणि तसं लिहिणारी मी होते.

सरांनी दोन्ही फिल्म उजेडासमोर धरून पाहिल्या. "सही माझी आहे. पोलिसांना मी कळवतो. तू घरी जा."

भर दुपारी पोचले. दार नुसतं लोटलेलं. आत गेले, वळले आणि कडी लावली.

"कोण गं? कडी कशाला लावलीस?" आई हात पुसत बाहेर आली. तिने कडीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे.

"काढ ती," ती म्हणाली. "आधी काढ."

माझा हात उचलेना.