दर्याला थंडी देणारी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी बर्फाची पेटी आहे. फ्रिज नव्हे. फ्रिजला वायर लागते, आणि वीज गेली की तो हातपाय गाळतो. मी मासळीवालीची पेटी. रंगाने निळी, अंगाने जाड आणि डोक्याने थंड. श्रीवर्धनच्या कोळीवाड्यात केसरबाईंच्या पडवीत माझा मुक्काम असतो.

माझा जन्म गुजरातेतल्या एका कारखान्यात झाला. प्लास्टिकच्या दोन भिंती आणि त्यांच्यामध्ये थर्मोकोलसारख्या घट्ट फेसाचा जाड थर. तो फेस हाच माझा जीव, कारण थंडी तोच धरून ठेवतो. मी टेम्पोतून आले त्या दिवशी केसरबाईंनी मला हळदकुंकू लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला जुंपलं. खाली फोडलेला बर्फ, त्यावर पापलेट, परत बर्फ, त्यावर सुरमई. भर दुपारी झाकण उघडलं तरी पापलेट नुकतंच जाळ्यातून काढल्यासारखं डोळे वटारून बघायचं. गिऱ्हाइकं म्हणायची, “केसरबाई, पेटी असावी तर अशी!” खोटं कशाला बोलू, स्तुती मला फार आवडते.

मग एकदा टेम्पोतून उतरवताना मी गुणाजींच्या हातून निसटले. गुणाजी हे केसरबाईंचे यजमान. होडी हाकण्यात त्यांचा हात धरणारा किनाऱ्यावर कोणी नाही, पण जमिनीवर त्यांच्या हातात कपबशीही टिकत नाही. मला झाकणापासून तळापर्यंत चीर गेली.

“मी काय न्हाय केलं. आपोआप गेली,” गुणाजी म्हणाले.

“व्हय, पेटीच म्हनाली आसंल, मना पाड!” केसरबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून बर्फ माझ्यात टिकेना. नवी लाल पेटी आली. मला पडवीच्या कोपऱ्यात ढकललं आणि माझ्यात कांदे भरले. ज्या पोटात सुरमई नांदली, तिथे कांदे! पुढे कांदेही काढले आणि एक कोंबडी येऊन बसू लागली. मला फार वाईट वाटलं.

माझे दिवस पालटले ते पावसाळ्यात. पावसाळ्यात, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देईपर्यंत, मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवतात आणि कोळीवाड्याला दुपारची झोप परवडते. पण केसरबाईंची सून रचना झोपायची नाही. कोंबडीला हुसकून ती माझ्या झाकणावर वही ठेवायची आणि लिहायची. ती अद्भुत गोष्ट लिहीत होती. हिमनगरी नावाचं बर्फाचं राज्य, तिथली एक राजकन्या आणि तिचा उडता देवमासा.

आता मित्रांनो, गंमत बघा. रचनाने हिमाचा डोंगर कधी पाहिलेला नाही. तिने बर्फ पाहिला तो माझ्या पोटात. म्हणून ती लिहिण्याआधी माझं झाकण उघडायची, डोकं आत घालायची आणि डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायची. मग लिहायची, ‘हिमनगरीत पाऊल टाकताच राजकन्येला बोंबलाचा वास आला.’ हे वाक्य तिने आधी खोडलं. माझा चेहराच पडला. पण दोन दिवसांनी तिने ते परत लिहिलं आणि स्वतःशीच म्हणाली, “गाव खोटं आहे, निदान वास तरी खरा असू दे.” तेव्हापासून मी स्वतःला हिमनगरी समजू लागले. कोंबडीलाही तसं समजावून पाहिलं.

पहिल्या श्रोत्या केसरबाई. त्या सुकटीतला कचरा निवडत ऐकायच्या आणि मध्येच सुपाला थाप मारून रचनाला थांबवायच्या.

“त्यो देवमासा उडतो?”

“हो आई.”

“उडू दे. पन खातो काय? आनि उतरतो कुठं? येवढं धूड कोनाच्या कौलांवर बसलं तर?”

रचना चिडायची. “आई, कल्पनेतला आहे तो!”

“मंग त्याला कल्पनेत भूक लागत न्हाय व्हय?”

रचना दिवसभर फुरंगटून बसायची आणि दुसऱ्या दिवशी वहीत देवमाशाच्या जेवणाची सोय झालेली असायची. तो ढग खाई, म्हणून हिमनगरीत पाऊस कमी. पाऊस कमी, म्हणून राणी देवमाशावर रुसलेली. एका भुकेतून अख्खं प्रकरण निघालं! केसरबाईंचं सगळंच बरोबर असे असं नाही. राजकन्येचं लग्न कधी, हे त्या रोज विचारायच्या आणि रचना रोज कानाआड करायची. पण एक गोष्ट त्यांनी ठणकावून सांगितली. “जादू खुशाल कर. पन सोमवारी उडनारा मासा मंगळवारी पान्यात पवला, तर मी सूप घेऊन उठंन. आनि जादू फुकट नको देऊस गो. फुकट बर्फ पन मिळत न्हाय.”

नारळी पौर्णिमा जवळ आली तशी केसरबाईंनी पडवी आवरायला काढली. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे.

“ह्या पुनवंला पोरांना वाचून दाखव,” त्या म्हणाल्या. “पोरं शेवटपर्यंत बसली तर लिही, दुपारचं तुला कोन हाक मारनार न्हाय. उठली, तर ही पेटी भंगारवाल्याला आनि वही बंबात.”

रचना कबूल झाली. मला कोणी विचारलंच नाही.

पौर्णिमेला नाचत-गात किनाऱ्यावर मिरवणूक गेली, गुणाजींनी सोनेरी कागदात मढवलेला नारळ दर्याला दिला, आणि मग सगळी पोरं आमच्या अंगणात जमली. रचना माझ्यावर बसली. तिने वही आधी उलटी उघडली, मग सुलटी केली. मीही आतून घाबरले होते, पण पोकळ असल्यामुळे ते कोणाला कळलं नाही.

पोरांनी बर्फाचं राज्य मानलं. उडता देवमासा मानला. तो ढग खातो म्हटल्यावर “आमच्या इकडं पाठव त्याला!” असा गलका झाला. केसरबाई दारात उभ्या होत्या, त्यांच्या तोंडाला पदर होता, बहुतेक हसू झाकायला. आणि मग रचनाने वाचलं, “आषाढातल्या एका वादळी सकाळी राजकन्येने होडी पाण्यात लोटली.”



“आषाढात?” पुढे बसलेली अमिषा म्हणाली. “नारळ दिला का आधी?”

“आषाढात कोन व्हडी काढतं?” मागून कोणीतरी ओरडलं. “खोटी हाय गोष्ट!”

मित्रांनो, ज्या पोरांनी देवमासा आकाशात उडवला, त्यांना ही होडी काही केल्या पाण्यात घालवेना. दोघं उठली. त्यांच्यामागून आणखी तिघं कपडे झटकू लागली. मला भंगारवाल्याच्या हातगाडीची चाकं ऐकू येऊ लागली.

रचनाने वही मिटली.

“थांबा,” ती म्हणाली. “चूक माझी नाही, राजकन्येची. तिलाही दर्या हेच म्हणाला, नारळ कुठाय? पण हिमनगरीत माड नाहीत. आता तिने दर्याला काय द्यावं?”

उठलेली पोरं उभ्या उभ्या विचार करू लागली.

“चॉकलेट!”

“मासा दे.”

“मासा कशाला, मासे दर्याचेच हायेत ना?” अमिषाने झापलं.

“मग राजकन्येने सगळ्यांत लाडकी वस्तू दिली,” रचना हळू आवाजात म्हणाली. “तिच्याकडे एक निळी पेटी होती. तिच्यात तिने आपल्या राज्याची सगळी थंडी जपून ठेवली होती. तिने ती पेटी उचलली आणि दर्यात सोडली.”

मला बुडवली! आणि तरी, खरं सांगते, लाडकी हा शब्द ऐकून मला इतकं बरं वाटलं की बुडायचंही काही वाटेना. पोरं खाली बसली. अमिषाने डोळे पुसले.

तेवढ्यात शेजारच्या मोहल्ल्यातला अरमान म्हणाला, “मग परत कधी आली?”

“परत?” रचनाने विचारलं.

“दर्या काय ठेवून घेतो? चप्पल परत देतो, बाटली परत देतो. गेल्या साली तुमचा नारळ पण आमच्याकडे लागला होता. आम्ही खाल्ला.”

अंगण हसून लोळलं, पण रचना हसली नाही. तिची पंचाईत मला कळत होती. पेटी परत आणावी तर जादू फुकट झाली. न आणावी तर किनाऱ्यावरचं एकही पोर विश्वास ठेवणार नाही. तिचा हात सहज माझ्या कडेवरून फिरला आणि त्या चिरेवर थांबला.

“आली,” ती म्हणाली. “तिसऱ्या दिवशी भरतीला आली. पण दर्याने तिला एक चीर पाडली होती आणि आतली सगळी थंडी ठेवून घेतली होती. ती पेटी परत कधी गार झाली नाही. दर्या मात्र शांत झाला, आणि राजकन्येची होडी निघाली.” एवढं बोलून ती माझ्यावरून उठली आणि बाजूला झाली.

पोरांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकेक करून पुढे आली आणि त्या चिरेवरून बोट फिरवू लागली, अगदी हळू, दुखेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. केसरबाई दारातच आडव्या आल्या. “तिला हात लावायचा न्हाय. आपली थंडी देऊन तिनं दर्या शांत केलाय, आनि मी तिला किलोवर इकू?” मग आत वळून म्हणाल्या, “रचना, बस लिहायला. आनि त्या राजकन्येचं लग्न बघ.”

आता माझ्यात पोरांसाठी गोष्टींची पुस्तकं असतात. कांदे नाहीत, बर्फ नाही. कोंबडीशी मात्र अजून वाद चालू आहे. तेव्हा मित्रांनो, घरातली फुटकी वस्तू टाकायला काढाल तेव्हा आधी तिच्या चिरेवरून एकदा बोट फिरवा, आणि ती चीर कशी पडली ते कोणाला तरी विचारा. गुणाजींना तर विचाराच. ते हल्ली येईल त्याला छाती ठोकून सांगतात, “दर्यानं पाडली. मी सवता बघितलं.”