सात नंबरची रेघ

अहवाल. मालिका कोर्टातली. अभिनेत्री नवी. (तिचं पहिलंच काम, त्यामुळे ऑफिसात तिला सगळे 'नवी'च म्हणतात.) प्रसंग: नवऱ्याने जिन्यावरून ढकललेली बाई पिंजऱ्यात उभी राहून साक्ष देते. दिग्दर्शकाने तो दोनदा चित्रित केलाय. लोकांना कुठला पटतो, ते आम्ही सांगायचं. एकही पटला नाही तर नवीच्या जागी दुसरी येणार.

आमचं काम असं चालतं. अंधारी खोली, ओळीने खुर्च्या, प्रत्येकाच्या हातात एक गोल बटण. पटलं की उजवीकडे फिरवायचं, नाही पटलं की डावीकडे. काचेच्या अलीकडे मी. माझ्या पडद्यावर प्रत्येक खुर्चीची एक रेघ वर-खाली होत असते. मला ते दिसतात. त्यांना काचेत फक्त स्वतःची तोंडं दिसतात.

सात नंबरच्या खुर्चीत माझा दादा.

साहेबांना सांगितलं, एक बाई आयत्या वेळी गळाल्या, म्हणून भावाला बोलावलं. खोटं. त्या बाईंना मीच फोन करून नका येऊ म्हणाले. (हे अहवालात नको.)

प्रसंग, पहिल्या वेळचा.

डोळे कोरडे. आवाज सपाट, कुणाला पत्ता सांगावा तसा. समोरचा वकील विचारतो, "निळी बादली घेऊन तुम्ही जिना उतरत होतात, बरोबर?"

"हिरवी," नवी म्हणते. "निळी आत होती."

आणि हसते. एवढंसं, ओठाच्या एका कडेने. मग म्हणते, "मग त्याने ढकललं."

मध्ये बोलायचं नाही असं बजावलेलं असतं, पण लोक बोलतातच.

"भाजी घ्यायला आल्यासारखी उभी आहे," निवृत्त शिक्षिका.

"रडायचे वेगळे पैसे मागत असेल," तिच्या शेजारचा शिंपी. खोली हसली.

"अहो, नवरा राहिला बाजूला, हिला बादलीची पडलीय!"

रेघा घसरल्या. सातची मात्र जागेवर होती. मी पडद्याला नाक लावलं.

माझ्या साक्षीच्या वेळी वकील म्हणाला होता, दुसऱ्या मजल्याचा जिना. मी म्हणाले, तिसऱ्या. आणि हसले. का, ते आजही सांगता येणार नाही. बरगड्या नुकत्या जुळत होत्या, हसल्यावर कळ आली, ती काही कुणाला दिसली नाही. निकालात लिहून आलं की साक्षीदार स्त्रीचं वागणं अशा प्रसंगाला साजेसं नव्हतं. नवरा सुटला. दादा त्या दिवशी मागच्या बाकावर होता. घरी नेताना त्याने रिक्षात माझी पिशवी मांडीवर घेतली. त्या निकालावर तो अजूनही बोलत नाही. मी त्याच्याच घरी राहते. वहिनी वाढते, तो "मीठ दे गं" म्हणतो, मी देते.

अपिलाची मुदत संपत आलीय. वकीलबाई म्हणतात, सख्खा भाऊ पाठीशी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. दादा म्हणतो, "बघू."

काल मी दोन्ही प्रसंग एकटीने पाहिले. पहिला पुन्हा लावला. मग सात नंबरच्या खुर्चीत बसणार होत्या त्या बाईंना फोन केला. मग दादाला.

सातची रेघ हलली.

खाली. थांबली. आणखी खाली. शिंप्याच्याही खाली जाऊन तळाला चिकटली.

अहवाल. पहिल्या प्रसंगात अभिनेत्री खोटी वाटते.
पहिल्या प्रसंगात अभिनेत्री
पहिल्या प्रसंगात अभिनेत्री लोकांना खोटी वाटते.
(एवढं एक वाक्य. साहेब म्हणतील, झोपला होतात का?)

प्रसंग, दुसऱ्या वेळचा.

तीच नवी, तीच साडी. बादलीचा उल्लेखच कापलाय. "त्याने..." म्हणते आणि अडते. डोळे भरतात, पण सांडत नाहीत. पिंजऱ्याची कड धरते. "त्याने मला ढकललं हो." आणि मग सांडतात.

"आत्ता कशी!" शिक्षिका.

शिंप्याने नाक ओढलं. सगळ्या रेघा वर गेल्या. सातची सगळ्यात वर. दादाने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने डोळे टिपले. वडील गेले तेव्हाही त्याला असं पाहिलं नव्हतं.

नंतर आमचा माणूस आत जाऊन मतं विचारतो. दादाची पाळी आली.

"पहिल्या वेळी ती काहीतरी लपवतेय असं वाटलं. जिच्यावर खरंच असं बेतलंय ती बादलीचा रंग सांगत बसेल का?" असं म्हणून त्याने काचेकडे पाहिलं. मी मान खाली घातली. उगाच. तो स्वतःलाच पाहत होता.

अहवाल पुरा केला. दुसरा प्रसंग घ्यावा, अभिनेत्री ठेवावी. सही.

बाहेर व्हरांड्यात नवी बाकावर बसली होती, नखं खात. मला पाहून उठली.

"ताई, गेले का मी?"

"राहिलीस. दुसरा घेतलाय."

ती मटकन खाली बसली. हसली. मग म्हणाली, "पहिला अगदीच वाईट होता ना? रडायचं विसरलेच मी. त्या बाईला काय काय झालं तेच आठवत राहिले."

पहिलाच खरा होता, हे मी तिला सांगणार होते. तोंड उघडलंही. पण तिची नोकरी आत्ताच कुठे वाचली होती, आणि ती पहिल्या प्रसंगाने वाचवली नव्हती.

"दुसऱ्या वेळी कसं जमलं?" मी विचारलं.

"सोपंय. पापणी लववायची नाही. श्वास इथे धरायचा," तिने गळ्याच्या खाली बोट ठेवलं, "आणि एकाच ठिकाणी बघत राहायचं. येतंच पाणी. करून बघा ना!"

तिला आत बोलावलं. मी एकटीच उरले. समोर भिंतीवर आग विझवायची लाल नळी टांगलेली. तिच्याकडे पाहत राहिले. श्वास धरला. आधी नुसती जळजळ. मग नळीच्या दोन झाल्या.

"अगं?"

दादा. हातात चहाचा कागदी कप. तो माझ्याकडे पाहत होता, मला जिन्याखाली पडलेलं पाहिलं होतं तेव्हापासून पहिल्यांदाच असा, थेट.

"काय झालं गं?" त्याने कप खिडकीत ठेवला. माझ्या डोक्यावर हात ठेवला, जड, ओबडधोबड. "अपिलाचं डोक्यात आहे का? अगं, वेडे, मी आहे ना. करू आपण अपील. उद्याच जाऊ वकीलबाईंकडे." शर्टाच्या टोकाने त्याने परत चष्मा पुसला. "आधी का नाही अशी रडलीस?"

छाती फुटायला आली होती.

मी श्वास सोडला नाही.