ब्राह्मीच्या मापाची गाडी

मी ब्राह्मीच्या मापाची गाडी बोलतेय. डांबरी रस्त्यावरची नव्हे बरं. दगडधोंड्यांतून उड्या मारत पळणारी, एका माणसाची. मला दार नाही, काच नाही. नुसता लोखंडी नळ्यांचा पिंजरा.

माझा जन्म सांगलीतला, ब्राह्मीच्या अंगणातला. म्हसवडच्या माळावरच्या स्पर्धेसाठी कॉलेजच्या टीमला गाडी बांधायची होती; टीममधली ही पोर पाटावर पाय पसरून बसली आणि तिच्या वर्गातल्या शिवतेजनं तिच्याभोवती प्लॅस्टिकचे पाइप बांधून माझा आकार ठरवला. शेजारच्या विजयमालाकाकूंना कुठलं राहवतंय! भिंतीवरून मान काढून ब्राह्मीच्या आईला म्हणाल्या, "आवं पद्मावतीताई, पोरीला कोंबडीगत डालग्यात झाकलंय व्हय?"

"डालगं न्हाई काकू, गाडी हाय," ब्राह्मी हसली. "उलटली तर डोकं वाचाय पायजे, पेटली तर झटक्यात भाईर पडाय पायजे."

मग लोखंड आलं. चाकांचे दांडे तिनं कितीदा तोडले आणि परत जोडले. हात पोळले, पण खड्ड्यात आदळून पाठ मोडणार नाही अशी मला बसवली.

टीमचा कॅप्टन धैर्यशील उगवला तो थेट रंगाच्या दिवशी. माझ्या अंगावर लिहून घेतलं, 'रचना व चालक : धैर्यशील'.

"रचना माझी हाय," ब्राह्मी म्हणाली.

"टीमचंच काम की गं. आणि म्हसवडच्या माळावर पोरगी गाडी उडवणार? लोक हसतील."

पोरीनं गिळलं. तरी म्हणाली, "निदान हेल्मेट-पट्टे घालून एकदा झटक्यात भाईर पडून बघ."

"मला शिकवू नगंस."

तो उघड्या डोक्यानं, व्हिडिओपुरता मला फिरवायचा. मी मनात म्हटलं, बेट्या, गाठ माझ्याशी आहे.

म्हसवडला स्पर्धेआधी तपासणी. परीक्षक म्हणाले, "मी पाच म्हणेपर्यंत बाहेर या."

हा सहा फुटी गडी! गुडघे स्टेअरिंगखाली रुतले, हेल्मेट वरच्या नळीला अडकलं. पाच झाले, दहा झाले. मी सोडतेय होय!

"अरं, वढा त्याला, बैल दावणीत गुतलाय!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. माळ हसला.

परीक्षकांनी माझ्यावरचं नाव वाचलं. "रचना तुमचीच ना? मग स्वतःचंच माप घ्यायचं विसरलात?"

चालक सुटत नाही तर गाडी पळणार नाही, असा नियमच. धैर्यशील ब्राह्मीपुढं आला. "बस की गं."

"आधी नाव खरवड."

सगळ्यांसमोर त्यानं स्क्रूड्रायव्हरनं स्वतःचं नाव खरवडलं. माझंही अंग सोलत होतं, पण काय गोड लागलं म्हणून सांगू! ब्राह्मी बसली आणि तीन म्हणायच्या आत बाहेर. बक्षीस नाही मिळालं, पण आम्ही दोघी शेवटपर्यंत पळालो.

आता मी कॉलेजच्या शेडमध्ये आहे. जुनी गाडी कापून तिच्या सामानातून नवी बांधायची, ही इथली रीत. माझी ना नाही. पण परवा धैर्यशील आला. टीमच्या सरांना म्हणतो, "बाबांच्या शोरूमच्या दारात ठेवतो, माझी पहिली गाडी म्हणून."

माझी! सरांनी होकाराची मान डोलावली. सोमवारी त्याचा टेम्पो येणार.

पोरांनो, दांडे घ्या, चाकं घ्या, नळीन् नळी घ्या. त्याच्या दारात मला उभी करू नका. रविवारीच मला कापायला ग्राइंडर लावा.