पहिली फेरी

"मामा, तू अजून किती वर्षं जगणार?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, "नाहीच विचारणार तू, तंतरेल तुझी!" नुकतंच भाषणात बक्षीस मारलेली ती थोडीच मागे हटणार? पण प्रश्न तोंडातून सुटला आणि तिनं जीभ चावली.

मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या आतड्याचा कॅन्सर यकृतात पोचला होता. गाठीसकट यकृताचा तुकडा काढला, तेव्हापासून तो तिच्या घरीच राहत होता. हा विषय घरात फक्त कुजबुजत निघे. मामा खोलीत आला की आई टीव्हीचा आवाज वाढवायची.

आत्ता तो तिला घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर आला होता आणि लिफ्टच्या मशीनच्या खोलीत नव्या दोराचे शेवटचे बोल्ट आवळत होता. त्यानं पाना खाली ठेवला आणि चक्क हसला.

"भोंग्या, विचारलंस एकदाचं! बाकीचे नुसते मी किती जेवतो ते बघतात."

"सांग ना मग."

"डॉक्टरांना मी खोदून विचारलं. गाठी किती, केवढ्या, रक्तात काय, सगळं मांडून म्हणाले, तुमच्यासारखे शंभर घेतले तर पाच वर्षांनी निम्मे असतील."

"आणि तू कुठल्या निम्म्यात?"

"तेवढंच त्यांना सांगता येत नाही. तपासत राहायचं. हा दोर कधी तुटेल हे मी तरी कुठे सांगतो? झिजलाय का ते बघत राहतो."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की! तपासणीच्या आदल्या दिवशी घास उतरत नाही. पण एकटाच जातो. तुम्ही रडता, मग मलाच तुम्हाला सांभाळत बसावं लागतं."

दोघं गच्चीवरून सगळ्यात वरच्या मजल्यावर उतरले. ती टुणकन लिफ्टमध्ये शिरली.

"बाहेर हो. दुरुस्तीनंतरची पहिली फेरी मेकॅनिकची. एकट्याची."

दार मिटलं. आकडे एकेक करत खाली गेले, शून्यावर थांबले. तिनं दाराला कान लावला. मग आकडे वर चढू लागले. दार उघडलं तेव्हा मामा शीळ घालत उभा होता, एक तळवा शर्टावरून ऑपरेशनच्या टाक्यांवर दाबून.

"या बाईसाहेब!"

रात्री जेवताना मामा हात धुऊन आला, तसा आईचा हात रिमोटकडे गेला.

"आई, टीव्ही बंद कर. सोमवारी मामाची तपासणी आहे. मी शाळा बुडवून त्याच्याबरोबर जाणार आहे."

"तुला काय कळणार तिथलं?" बाबा म्हणाले.

"नाही कळलं तर विचारीन, बाबा. आणि रडू आलंच, तर बाहेर जाऊन रडून येईन. पण जाणार."