पान दोनशे बारा

अप्पांनी वाचकांची मतं उतरवून ठेवायला एक दोनशेपानी वही केली होती. तिच्यातली मतं क्रमांक दोनपासून सुरू व्हायची. क्रमांक एकची जागा माझ्यासाठी मोकळी ठेवली होती.

अप्पा म्हणजे माझे वडील, सिद्धलिंग गुरुजी. देगलूरच्या शाळेत तेहतीस वर्षं मराठी शिकवलं, निवृत्त झाले आणि तीन वर्षं माळवदावरच्या खोलीत बसून एक कादंबरी लिहिली. ‘पादुकांखालचे भुयार’. नकाशात नसलेल्या गावचा एक मठ, गादीसाठी चाललेलं कारस्थान, पादुकांच्या शिळेखालून निघणारं भुयार आणि त्यात दडवलेली ताडपत्राची पोथी. आई म्हणायची, “जन्मभर लेकरांला शुद्धलेखन शिकवलं, आन् म्हातारपणी हे भुयार खंदून राहिलेत.”

पुस्तक छापून आलं तेव्हा मला सातवा महिना होता. अप्पांनी पहिली प्रत लातूरला, माझ्या सासरी, पोस्टानं पाठवली. आत निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘चि. शिवकन्येस. वाचून सांगणे.’ आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते उलटं करून मागचा मजकूर मोठ्यानं वाचला. ‘प्रसादाच्या दुधात विष कोणी कालवलं? स्वामींचा शेवट कोणाला हवा होता?’ मग पुस्तक माझ्या हातून अलगद काढून घेतलं.

“पोटुशीनं असलं वाचू न्हाई, माय. मोकळी हो, मंग वाच.”

मी एम.ए. झालेली बाई. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण आधीचं एक चौथ्या महिन्यात गेलेलं असलं, की माणूस विश्वास नसलेल्या गोष्टीही पाळतं. मी पुस्तक कपाटात ठेवलं, बाळासाठी शिवलेल्या दुपट्यांच्या खाली.

रोज चार वाजता अप्पांचा फोन यायचा.

“क्रमांक अकरा. बजरंग कंडक्टर. म्हणतो, गुरुजी, तुमच्या भुयारापायी बिलोलीच्या माणसाला देगलूरचं तिकीट फाडलं.”

“मग?”

“मंग काय, त्या माणसानं बी पुस्तक मागून नेलंय. क्रमांक सतरा, आपल्या शेजारच्या नीलाबाई. भुयार थेट नदीला निघतं तर पाणी कसं झिरपलं न्हाई, म्हणतात. गुरुजी, तुम्ही कधी आड तरी खंदला का?”

“बरोबर आहे त्यांचं.”

“हाव ना! दुसऱ्या आवृत्तीत भिंती चुन्यात बांधतो.”

एकदा ते वाचनालयातली प्रत बघून आले. तिच्या शेवटच्या कोऱ्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, ‘खुनी कोण ते मला चाळिसाव्या पानावरच कळाले.’ अप्पा फोनवर खो-खो हसले. “लबाड बोलून राहिलाय. अगं, त्याच्यात खुनीच...” आणि एकदम थांबले. “जाऊ दे. तू वाचशील तवा कळंल. एक नंबरचं कधी देतीस?”

“देते ना अप्पा. बाळंतपण होऊ द्या.”

तेव्हा माझा एक हात पोटावर होता. बाळानं तासाभरात कितीदा लाथ मारली ते मी मोजत होते. ते थांबलेलं वाक्य माझ्या कानावरून गेलं.

सृष्टी झाली. तिसऱ्या दिवशी पिवळी पडली, आठ दिवस निळ्या दिव्याखाली ठेवली. घरी आणल्यावरही मी तिच्या नाकापुढं बोट धरून बसायचे. श्वास लागला की बोट काढायचं, परत धरायचं. पुस्तक दुपट्यांखाली होतं. दुपटी वरची वापरात, खालची तशीच.

त्याच दिवसांत कुणीतरी समाजाच्या फोनवरच्या ग्रुपवर पुस्तकाच्या मागच्या बाजूचा फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘आपलाच माणूस आपल्या स्वामींना विष घालतो.’ मग मतांना ऊत आला. कुणी म्हणालं, लेखकाला मठात बोलवून माफी मागायला लावा. कुणी म्हणालं, गुरुजी म्हणवतात आणि मुलांना हेच शिकवलं असेल. अप्पांच्या वहीत त्या वेळी साठच्या वर मतं होती. ग्रुपवर एका दिवसात दोनशे झाली.

माझे सासरे, बसवराज मामंजी, मठाच्या कमिटीवर आहेत. बैठकीत कुणीतरी चहाची बशी खाली ठेवत विचारलं, “अण्णा, तुमच्याच सुनंचा बाप ना हे?” मामंजी घरी आले ते न जेवता झोपले. माणूस वाईट नाही. सृष्टी दिव्याखाली होती तेव्हा आठही दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून होते, घरी जा म्हटलं तरी जात नव्हते.

सृष्टीच्या लिंगधारणेचा, म्हणजे गळ्यात इष्टलिंग बांधायचा, दिवस ठरला होता. आमच्या घराण्यात पहिल्या लेकराचं लिंग आजोळहून येतं. आजोबा ते स्वामींच्या हाती देतात आणि स्वामी लेकराच्या गळ्यात बांधतात. त्याचा दोरा अप्पा स्वतः वळत होते, महिनाभर. कापूस पिंजण्यापासून.

मामंजींनी मला दुपारी बोलावलं. श्रीशैल, माझा नवरा, दारात उभा होता.

“शिवकन्या, माझ्या मनात काही न्हाई बघ. पण त्या दिवशी कमिटीची माणसं येणार. तुझे अप्पा समोर बसले तर लोकं पानावरून उठतील. लेकराच्या कार्यात मला तमाशा नको.”

“म्हणजे अप्पांनी यायचं नाही?”

“तसं कुठं म्हणलो मी? तू शिकलेली हायेस. वाचक म्हणून दोन ओळी टाक ग्रुपवर. का बाबा, तेवढं चुकलंय, मी वडिलाला सांगितलंय. लेकीनंच म्हणल्यावर कोण तोंड उघडंल? मंग मी सोता फोन करतो गुरुजीला. मानानं बोलवतो.”

श्रीशैल म्हणाला, “लिही ना. अप्पा कुठं त्या ग्रुपवर हायेत? त्यांला कळणार बी न्हाई.”

सृष्टी झोपली होती. तिच्या पाळण्याशी बसून मी आठ ओळी लिहिल्या. पुस्तक कपाटात, माझ्यापासून चार पावलांवर होतं. मी उठले असते तर पाळणा हलला असता. असं मी स्वतःला सांगते. मी लिहिलं, ‘एक वाचक आणि लेखकाची मुलगी म्हणून सांगते. ज्यांच्या पायाशी आपण वाढलो त्या स्वामींना प्रसादातून विष देऊन मारल्याचा प्रसंग माझ्याने वाचवेना. अप्पांची लेखणी इथे चुकली.’ बाकीच्या ओळी अशाच.

भराभर हात जोडलेली चित्रं आली. ‘ताई, खऱ्या वाचक तुम्ही.’ मामंजींनी शब्द पाळला. संध्याकाळी माझ्यासमोर देगलूरला फोन लावला. “गुरुजी, शरणार्थ. नातीचं कार्य हाय, तुम्ही पुढं होऊन करायचं.” तिकडून अप्पा म्हणाले, “येतो.”

दुसऱ्या दिवशी चार वाजता फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तयारीत असतील, असं मी म्हणत राहिले.

कार्याच्या दिवशी देगलूरच्या बसमधून आई एकटी उतरली.

“अप्पा?”

“गुडघा धरलाय म्हणले.”

“आई.”

“मला नको विचारू, माय. सोयरिकीतल्या कुणी तरी फोन आणून दावला त्यांला. लई येळ वाचत होते. चष्मा पुसून परत वाचलं.” तिनं पिशवीतून चांदीच्या डबीतलं लिंग काढलं, पांढरा दोरा काढला आणि खालून ती वही. “ही तुला दिली हाय.”

कार्य झालं. अप्पांसाठी मांडलेल्या पाटावर आई बसली. मामंजी दोनदा येऊन विचारून गेले, “गुरुजी का न्हाई आले? मी तर सोता फोन केलता.” त्यांना खरंच लागलं होतं. कुणीही पानावरून उठलं नाही. कमिटीतले एक जण मला म्हणाले, “मत लई भारी मांडलं, ताई.” मी मान हलवली आणि सृष्टीच्या तोंडावरची माशी उडवली. माशी नव्हती.

दोऱ्याला मागे पाच गाठी होत्या. आईनं सांगितलं, “लांब वळलाय. गाठी मारून आखूड केलाय. पोर वाढंल तशी वरसाला एक गाठ सोडायची. पहिली मी येऊन सोडीन म्हणले होते.”

पाहुणे गेल्यावर मी वही उघडली. क्रमांक एकवर माझ्या आठ ओळी होत्या. अप्पांनी आपल्या गोल अक्षरात काना-मात्रेसह उतरवून घेतल्या होत्या. खाली नाव, ‘शिवकन्या, लातूर.’ कुणाच्याही मतावर अप्पा शेरा मारत नसत, पेन्सिलवाल्याच्याही नाही. माझ्या मताखाली मात्र लाल शाईनं तीन शब्द होते.

‘पान २१२ पाहावे.’

मी दुपटी उपसली. पुस्तकाची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती.

पान दोनशे बारावर मठातल्या स्वयंपाकिणीची दहा वर्षांची पोर आहे. ती दिसेल ते हुंगून बघते, कोण कुठं उभं आहे ते ध्यानात ठेवते. प्रसादाच्या दुधावर एक हात थरथरलेला तिनं पाहिलाय. कुणाला काही न बोलता ती ते दूध उकिरड्यावर ओतते, भांडं राखेनं घासते आणि दुसरं दूध भरून स्वामींपुढं ठेवते. स्वामी विचारतात, “बाळ, आज हुंगलंस का?” ती मान हलवते. स्वामी दूध पितात. त्यांना काही होत नाही.

लहानपणी मी अप्पांचा दुधाचा पेला हुंगल्याशिवाय त्यांना द्यायची नाही. ते शाळेत सगळ्यांना सांगायचे, “आमच्या घरी चौकीदार हाय.” त्या पोरीला पुस्तकात नाव नव्हतं.

स्वामी मरतात असं फक्त मागच्या मजकुरावरून वाटतं, आणि तो प्रकाशकानं लिहिलेला होता. ज्यानं पुस्तक वाचलं त्याला माझं मत लिहिताच आलं नसतं. टीकेचं अप्पांना काही वाटलं नसतं. नीलाबाईंच्या टीकेवरून ते भुयाराच्या भिंती बदलणार होते. त्यांना एवढंच कळलं होतं, की मी त्यांचं पुस्तक उघडलेलं नाही.

सृष्टीला पाजता पाजता दोन दिवसांत मी सगळं वाचलं. तिसऱ्या दिवशी चार वाजता फोन मी लावला.

“अप्पा, वाचलं मी.”

“बरं.”

“स्वामी मरत नाहीत.”

“हाव. कुणीच मरत न्हाई त्याच्यात. तेवढीच खुबी होती.”

“मी ग्रुपवर दुसरं लिहिते. खरं मत.”

“नको. तुला तिथं राहायचंय.” मग म्हणाले, “आन् वहीत खाडाखोड करत न्हाई मी. आलं ते मत.”

“वाढदिवसाला याल ना? गाठ सोडायला?”

“बघू.”

अप्पांचं ‘बघू’ मी लहानपणापासून ओळखते. त्यांनी नाही कधी म्हटलंच नाही, बघू म्हणायचे.

मला वाटलं फोन ठेवला. तेवढ्यात आवाज आला, “पोर दूध पिती का नीट?”

“पिते.”

“हुंगून देत जा.”

त्यानंतर मी फोन लावला की ते आईशी बोलायला सांगतात. मी विचारते, “अप्पा काय करतात?” आई म्हणते, “बसलेत.” माळवदावरची खोली बंद असते. दुसऱ्या आवृत्तीचं नाव ते काढत नाहीत.

खरं मत मी लिहिलंय. फोनमध्ये आहे. मामंजी समोरून जातात, सृष्टीला खांद्यावर घेऊन अंगणात फिरवतात, आणि माझं बोट थांबतं.

सृष्टीला परवा वर्ष पूर्ण झालं. त्या दिवशी देगलूरहून उदगीरमार्गे येणाऱ्या तिन्ही बसच्या वेळेला मी दारात होते. मामंजी म्हणाले, “आण, गाठ मी सोडतो.” मी म्हटलं, राहू द्या.

दोरा आता तिच्या मानेला टेकतो. मी दिवसातून दहा वेळा खाली बोट घालून बघते. अजून एक बोट जातं.