दीपगृहाखालची वाळू

मी किनारा बोलतोय. तारापूरच्या पुढे, दीपगृहाच्या पायथ्याशी जी काळसर वाळू दिसते, ती मी. माझ्याकडे यायला धड रस्ता नाही. सुरूच्या झाडांपाशी रिक्षा सोडावी लागते. जीवरक्षक माझ्यावर कधी नेमलाच नाही.

दीपगृह बोटींसाठी आहे. पण ते दिसलं की लोकांना वाटतं, इथे आपल्यावर कुणाची तरी नजर आहे.

माझ्यात एक खोट आहे. ओहोटीला पाणी दूर जातं आणि समोर वाळूचा उंचवटा उघडा पडतो. त्याच्या नि माझ्यामध्ये खोलगट पट्टा आहे. भरतीचं पाणी आधी त्या पट्ट्यात शिरतं. उंचवट्यावर समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला ते कळतच नाही.

गेल्या माघातल्या एका रविवारी ज्ञानेश आला. बोईसरच्या एका कारखान्यात कामाला होता. सोबत त्याची आई साखरबाई, बीडकडून मुलाला भेटायला आलेली. साठ वर्षांत तिने समुद्र पाहिला नव्हता. लुगडं घोट्यावर धरून ती उंचवट्यापर्यंत गेली. ओंजळभर पाणी तोंडाला लावून म्हणाली, "एवढं पाणी, अन् पिता येईना." ज्ञानेश हसला.

खडकावर गावातली इंदुबाई कालवं काढत होती. तिने हाक दिली, "ए पोरा, आईला घेऊन मागं ये. भरती लागली हाय." वाऱ्यात ऐकू गेलं नाही. ती हात हलवायला लागली. साखरबाईला वाटलं, बाई ओळख दाखवतेय. तिनेही हात हलवला.

ते वळले तेव्हा पट्टा भरला होता. ज्ञानेशने आईला खांद्यावर घेतलं नि पाण्यात उतरला. इकडून इंदुबाई छातीभर पाण्यात शिरली. वरून दीपगृहातले कमलाकांत दोर घेऊन धावले, पण जिना उंच होता.

"हिला धरा," ज्ञानेश म्हणाला आणि त्याने आईला इंदुबाईकडे ढकललं. त्याचे पाय माझ्यावर टेकलेले होते. माझीच वाळू त्याच्या टाचांखालून सरकली. दोर आला तेव्हा धरायला हात नव्हता.

"मीच म्हणले, समुद्र दाव," साखरबाई अंधार पडेपर्यंत एवढंच म्हणत होती. इंदुबाई ओल्या कपड्यांनी तिच्याजवळ बसून राहिली. तिसऱ्या दिवशी ज्ञानेशचा देह शिरगावच्या बाजूला लागला.

मग धोक्याची एक पाटी आली. खाऱ्या वाऱ्याने तिची अक्षरं पावसाळ्याआधीच गेली. सुट्टीच्या दिवशी इंदुबाई कालवं सोडून पायवाटेवर उभी राहते. काही जण ऐकतात. काही विचारतात, "तुम्ही कोण सांगणारे?" तिचे गुडघेही आता फार साथ देत नाहीत.

मला हाक मारता येत नाही, कुणाला धरता येत नाही. म्हणून हे सांगतोय. माझ्याकडे आलात, तर आधी इंदुबाईला पाण्याची वेळ विचारा. ती नसली, तर सुरूच्या सावलीत बसूनच समुद्र पाहा. तिथूनही तो सगळा दिसतो.